बुचावर रोहू-कटला धरायचाय? मग रॉड-रील सगळ्यात शेवटी घ्या

"दादा रॉड कुठला घेऊ, रील किती नंबरचं घेऊ" हे इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. होतं काय, आपली पोरं आधी ऑनलाइन सात फुटी टेलिस्कोपिकचा (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या रॉडचा) कॉम्बो मागवतात, रॉड रील दोरी गळ आणि वर चार प्लास्टिकचे मासे, सगळं एकाच पिशवीत. मग तलावावर जाऊन बूच (दोरीवरचा तरंगणारा फ्लोट) कुठलं लावू ते विचारतात आणि पाणी किती खोल आहे ते सगळ्यात शेवटी बघतात. ही पार उलटी गंगा आहे. आधी पाणी आणि मासा बघायचा, त्यावरून बूच आणि दोरी, दोरीवरून रॉड आणि रॉडवरून रील. या क्रमाने गेलात तर दुकानदार काय म्हणतो त्याने फारसा फरक पडत नाही, कारण काय पाहिजे ते तुम्हालाच माहीत असतं.

इथे लिहिलंय ते आपल्याकडचे तलाव, धरणं आणि शेततळी डोळ्यासमोर ठेवून. मासा म्हणजे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). मरळीसाठी किंवा खाडीत प्लास्टिक फिरवायला वेगळं सामान लागतं, ते यात नाही.

१. आधी पाणी मोजा, मासा ठरवा

जिथे बसणार तिथली खोली माहीत नसेल तर रॉडची लांबी ठरवताच येत नाही. कुणाचाही रॉड उसना घ्या, बूच लावा, गळाला जड शिसं अडकवा आणि जिथे टाकणार तिथे टाका. बूच बुडून गेलं तर खोली तुम्ही लावलीय त्याहून जास्त आहे, बूच वर सरकवा. आडवं पडलं तर खोली कमी आहे, खाली घ्या. बुचाचं टोक जेमतेम पाण्याबाहेर दिसलं की गळापासून बुचापर्यंत जेवढी दोरी तेवढी तिथली खोली.

हे ज्या महिन्यात मासेमारी करणार त्याच महिन्यात करा. उजनीसारख्या धरणात दिवाळीला जिथे आठ फूट पाणी असतं तिथे मे महिन्यात कोरडी भेगाळलेली जमीन असू शकते, काठच कुठल्या कुठे सरकलेला असतो.

माशाचं साधं गणित असं: कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरातला, पण चारा टाकला की तळाला पण येतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे. वजन किती येतं ते बघायचं असेल तर मच्छीमार सोसायटीचे लोक सकाळी जाळी काढून काठावर येतात तेव्हा जा, कॅरेटमध्ये बघा. तिथे दोन-तीन किलोचे रोहू दिसतायत आणि तुम्ही वीस किलोच्या कटल्याच्या हिशेबाने रॉड घेताय तर सगळंच बिघडणार.

इशारा: धरण-तलावातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, पवईला अँगलिंग असोसिएशनची परवानगी लागते. आधी विचारा, मगच सामान उघडा.

तपासा: चार गोष्टी कागदावर हव्यात. खोली किती, मासा काठापासून किती लांब, नेहमीचं वजन किती, आणि पाण्यात अडथळे काय आहेत, म्हणजे शेवाळ, खडक, बुडालेल्या बाभळी वगैरे. हे नसेल तर पुढे वाचून उपयोग नाही.

२. बूच, गळ आणि दोरी

तलावाच्या साठलेल्या पाण्यात वॅगलर प्रकारचं बूच सगळ्यात सोयीचं, म्हणजे ज्याचं फक्त खालचं टोक दोरीला अडकतं ते. काठापासून दहा-पंधरा मीटरवर बसायचं असेल तर ३ ते ५ ग्रॅम पुरतं, वारा असेल किंवा पंचवीस-तीस मीटर टाकायचं असेल तर ८-१० ग्रॅम घ्या. बहुतेक जण फार हलकं बूच घेतात आणि मग ते लांब जात नाही म्हणून रॉडला शिव्या घालतात.

गळ कणकेच्या गोळीसाठी ८ नंबर, गांडूळ किंवा मक्याच्या दाण्यासाठी १० नंबर, एवढ्यावर रोहू-मृगळाचं काम भागतं. मोठा आकडा म्हणजे लहान गळ, हे नवीन लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून सांगून ठेवतो.

दोरी साधी नायलॉन मोनो (एकाच तंतूची), ०.२३ ते ०.२५ मिमी, साधारण ४ किलो ताकदीची. वेणीची दोरी म्हणजे ब्रेड बुचासाठी नको. ती पाण्यावर तरंगते, वाऱ्याने तिचा मोठा बाक होतो आणि बूच जागेवरून ओढलं जातं, शिवाय ती अजिबात ताणत नाही त्यामुळे माशाने धडक मारली की सगळा झटका गळावर जातो. रोहूचे ओठ मऊ, झालरीसारखे असतात, झटक्यात फाटतात आणि मासा गेला. गळाजवळचा शेवटचा दीड-दोन फुटाचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा थोडा बारीक ठेवा, ०.२० किंवा ०.२२. खाली अडकलं तर तेवढाच तुटेल, बूच वाचेल, आणि मुख्य म्हणजे माशाच्या तोंडाला लटकून बूच आणि वीस मीटर दोरी तळ्यात फिरत राहणार नाही.

तपासा: लेबलवरच्या किलोवर आंधळा विश्वास नको. बॅग मोजायचा स्प्रिंगकाटा घ्या, दोरीला नेहमीची गाठ मारून ओढा. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली केली नाही तर नायलॉन घासून तापतं आणि अर्ध्या ताकदीतच तुटतं, बऱ्याचदा "दोरी खराब निघाली" म्हणतात ते हेच असतं.

३. रॉड

लांबी पहिली. सात फुटी रॉड आणि सहा फूट पाणी असं धरा. बूच गळापासून सहा फुटांवर छर्ऱ्यांनी (दोरीवर दाबून बसवायच्या शिशाच्या बारीक गोळ्यांनी) जागेवर पक्कं केलेलं आहे, म्हणजे टाकताना टोकापासून खाली सहा फूट दोरी लोंबणार, ती झुलवायला जागाच नाही, गळ मागे गवतात नाहीतर तुमच्या पँटमध्ये. त्यातूनही टाकलं आणि मासा लागला तर मजा पुढे आहे. तुम्ही गुंडाळत आणता, काठाशी आल्यावर बूच टोकाच्या रिंगेला येऊन खटकन अडतं, आता एक इंचही गुंडाळता येत नाही आणि मासा अजून सहा फूट खाली. रॉड कितीही वर केला तरी तो नेटपर्यंत, म्हणजे हातातल्या जाळीपर्यंत, येत नाही. मग मित्र गुडघाभर पाण्यात उतरतो, दोरी हाताने धरून ओढतो आणि तिथेच गळ सुटतो. सुटलेल्या माशांच्या निम्म्या कहाण्या इथल्याच असतात.

म्हणून हिशेब असा लक्षात ठेवा की खोलीत किमान चार फूट मिळवायचे, तेवढा रॉड कमीत कमी पाहिजे. सहा-सात फूट पाण्याला ११ फूट, आठ-नऊ फुटाला १३ फूट. एकच रॉड घ्यायचा असेल तर माझं मत डोळे झाकून १२ फूट, म्हणजे ३.६ मीटर. बाजारात लांबी बऱ्याचदा मीटरमध्ये लिहिलेली असते, २.१ मीटर म्हणजेच तो सात फुटी, "२.१" वाचून फसू नका.

आणि खोली बारा-पंधरा फूट असेल तर? तेवढा लांब रॉड शोधत बसायचं नाही, तिथे सरकतं बूच लावायचं. दोरीवर दुसऱ्या दोऱ्याची छोटी गाठ, तिच्याखाली बारीक मणी, मग मोकळं सरकणारं बूच, त्याच्याखाली छर्ऱ्यांचा गठ्ठा. टाकताना बूच खाली छर्ऱ्यांपाशी असतं, पाण्यात पडल्यावर शिसं दोरी खाली खेचतं आणि मणी गाठीला अडतो तिथे बूच उभं राहतं. फक्त ती गाठ रॉडच्या सगळ्या रिंगांतून अडखळल्याशिवाय गेली पाहिजे, म्हणून तिची टोकं एक-दोन सेंटीमीटर लांब ठेवा, म्हणजे ती वाकून सरकतात. अगदी बुडाशी कापली की काट्यासारखी अडतात.

दुसरी गोष्ट ताकद. दोन प्रकारे लिहिलेली असते. एक म्हणजे टाकायचं वजन, ते १०-३० ग्रॅमच्या आसपास असलेलं बघा. दुसरी म्हणजे टेस्ट कर्व्ह, पौंडात, म्हणजे रॉडचं टोक मुठीशी काटकोनात यायला किती वजन लागतं ते. जुना ठोकताळा आहे, दोरीची ताकद पौंडात घ्या आणि ५ ने भागा. आपली दोरी ४ किलो म्हणजे जवळजवळ ९ पौंड, भागिले ५ म्हणजे पावणेदोनच्या आसपास. १.५ ते १.७५ पौंडाचा रॉड दोन ते पाच किलोच्या रोहूला झक्कास. मोठ्या कटल्याचं पाणी असेल आणि दोरी त्या हिशेबाने जाड केली तर २ पौंड, त्याच्या वर नको.

इशारा: "कार्प रॉड" नावाने जे विकतात ते बहुतेक २.७५ ते ३.५ पौंडाचे असतात. ते दोन-तीन औंसाचं जड शिसं लांब फेकायला बनवलेत, बुचाला नाही. नाव बघून घेतात, मग पाच ग्रॅमचं बूच पंधरा मीटर पण जात नाही आणि मासा लागला की रॉड वाकतच नाही, सगळा ताण गळावर. बुचासाठी रॉड मधल्या भागापर्यंत छान गोल वाकणारा हवा.

तिसरं, टेलिस्कोपिक की तुकड्यांचा. तीन तुकड्यांचा मॅच किंवा फ्लोट रॉड मिळत असेल तर तोच. टेलिस्कोपिकमध्ये बहुतेक रिंगा सांध्यावरच बसवलेल्या असतात म्हणजे मोजून पाच-सहा, त्यामुळे मधली दोरी सैल पडून ओल्या रॉडला चिकटते आणि हलकं बूच तिथेच मार खातं. १३ फुटी मॅच रॉडला बाराच्या वर रिंगा असतात आणि त्या उंच पायांवर असतात, त्या दिखाव्यासाठी नाहीत. बसने जाताय, बाइकवर बांधायचाय, ही अडचण मला मान्य आहे, तसं असेल तर टेलिस्कोपिक घ्या पण लांब घ्या आणि रिंगा मोजून घ्या.

कार्बन की ग्लास? बुचाचा रॉड दिवसभर हातात धरायचा असतो, स्टँडवर ठेवून डबा खाल्ला की नेमकं तेव्हाच बूच बुडतं. १२ फुटी ग्लासचा रॉड तासाभरात मनगट मोडतो. लांबी वाढली की कार्बनच.

इशारा: कार्बनमधून वीज जाते, आणि ओला रॉड कुठलाही असो, भरवसा नाही. शेततळ्यावर, कॅनॉलच्या कडेला मोटारीच्या तारा डोक्यावरून गेलेल्या असतात, तिथे १२ फुटी रॉड मागे घेऊन फेकायचा म्हणजे जिवाशी खेळ. जागा निवडताना आधी वर बघा. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब व्हा.

दुकानात हे करून बघा:

रॉड जोडा आणि एका डोळ्याने खालून वर बघा, सगळ्या रिंगा एका ओळीत पाहिजेत. सांध्याला हलवा, कटकट आवाज आला तर परत ठेवा. हलका झटका द्या, टोक थरथरून पटकन थांबलं पाहिजे, बराच वेळ डुलत राहिलं तर रॉड मंद आहे. मग कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी प्रत्येक रिंगेतून आतून फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकून राहिला तर तिथे बारीक तडा किंवा खरबरीतपणा आहे, तोच पुढे दोरी कापणार. टोकाची रिंग तर दोनदा बघा. शेवटी तुमचं रील लावून पकडा, वजन बोटांपाशी तोललं जातंय का बघा, टोक जमिनीकडे ओढत असेल तर दिवसभर ओढणार.

इशारा: वाक बघायला टोक हातात धरून कमानीसारखं दाबायचं नाही, तसे नवे कोरे रॉड दुकानातच मोडलेत. दोरी सगळ्या रिंगांतून ओवून, तिला अर्धा किलोची पिशवी बांधून, रॉड ४५ अंशांत धरून उचला. दुकानदार नाही म्हणाला तर घरी पहिल्याच दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

एक मधलीच गोष्ट. पाच फुटाचं शेततळं आणि अर्धा-पाऊण किलोचे मासे, चिलापी वगैरे, एवढंच असेल तर रील घेऊच नका. साधी लांब बांबूची काठी, टोकाला दोरी, बूच, गळ, झालं काम. तीन किलोचा रोहू लागला की मात्र काठीसकट जाईल.

४. रील

इथे लोक सगळ्यात जास्त डोकं लावतात आणि इथे सगळ्यात कमी लागतं. साधं स्पिनिंग रील, ३००० किंवा ४००० नंबर. नंबर प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, शिमानोचं ३००० आणि दुसऱ्या कुणाचं ३००० शेजारी ठेवलं तर आकार वेगळा दिसू शकतो, म्हणून नंबरापेक्षा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या भागावर, लिहिलेलं बघा. ०.२५ ची दीडशे मीटर दोरी बसली की भरपूर. ६००० चं ढबोलं रील हलक्या रॉडला लावलं की तोल गेलाच म्हणून समजा.

बघायचं ते ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक. डब्यावर "कमाल ड्रॅग ८ किलो" असं मोठ्या अक्षरात असतं, तुमची दोरीच ४ किलोची आहे, त्या आठचं काय लोणचं घालणार? आपल्याला साधारण एक किलोवर ड्रॅग किती गुळगुळीत सुटतो ते महत्त्वाचं. दुकानात नॉब मध्यम आवळा आणि स्पूलवरची दोरी हळू ओढा. आधी अडकून मग झटक्यात सुटली तर ते रील नको, तो पहिला झटकाच बारीक दोरी तोडतो. सुरुवातीपासून एकसारखी सरकली तर घ्या.

बेअरिंग १३ आहेत की ५ त्याकडे लक्ष देऊ नका. दोरी जिथून वळते तो बेलवरचा (स्पूलभोवती फिरणाऱ्या तारेच्या कमानीवरचा) छोटा रोलर बोटाने फिरतो का बघा, फिरत नसेल तर दोरीला पीळ पडतो. हँडल एकदा फिरवल्यावर साधारण पाच फेरे, म्हणजे ५:१ च्या आसपास, ठीक आहे. मासा ओढेल तशी दोरी मोकळी सोडणारं बेटरनर रील शिसं टाकून बसणाऱ्यांसाठी, बुचाला त्याचे जादा पैसे देऊ नका. बेटकास्टर (आडव्या फिरत्या स्पूलचं रील) तर नकोच, पाच ग्रॅमच्या बुचाला दोरीचं घरटं होतं नुसतं.

पैसे मोजकेच असतील तर रॉडवर जास्त घाला.

५. दोरी भरणं

दोरीची रीळ तासभर कोमट पाण्यात ठेवा, नायलॉन नरम पडतं. टोक रॉडच्या खालच्या रिंगेतून ओवून स्पूलला बांधा, आणि हो, बेल उघडून बांधा, नाहीतर सगळं भरून झाल्यावर लक्षात येतं की दोरी बेलच्या बाहेरूनच गेलीय. दोन बोटांत ओल्या फडक्याने दाब देत दहा-पंधरा फेरे भरा आणि थांबा. दोरी थोडी सैल सोडा. तिला गोल गोल पीळ पडत असतील तर दोरीची रीळ उलटी करून ठेवा आणि मग पुढे भरा.

स्पूलच्या कडेपासून एक-दोन मिमी खाली थांबायचं. वरपर्यंत भरली तर गुंडाळ्या एकदम सुटतात, कमी भरली तर दोरी कडेला घासते आणि बूच जवळच पडतं. स्पूल खोल असेल तर खाली जुनी दोरी भरून उंची वाढवा.

६. छर्रे आणि ड्रॅग

बुचावर जेवढे ग्रॅम लिहिलेत त्यातलं साधारण तीन चतुर्थांश शिसं बुचाच्या दोन्ही बाजूंना चिकटून, ते बुचाला जागेवर पण धरतं. उरलेले बारीक छर्रे खाली गळाकडे, एकदम गळाजवळ फक्त एकच. सगळं शिसं खाली लावलं की टाकताना गळ आणि बूच हवेतच एकमेकांत गुंततात. छर्रे दातांनी दाबू नका, शिसं विषारी आहे, छोटी पक्कड ठेवा.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शावर, म्हणजे ४ किलोला १ किलो. तोच स्प्रिंगकाटा गळाच्या जागी बांधा, रॉड ४५ अंशांत धरा, मित्राला ओढायला सांगा, काटा १ किलो दाखवेल तेव्हा स्पूल सुटायला पाहिजे. अंदाजाने आवळलेला ड्रॅग बहुतेक वेळा जास्तच आवळलेला असतो.

७. काठावर, आमिष लावायच्या आधी

आमिष न लावता चार-पाच वेळा टाकून बघा. डोक्यावरून सरळ, झटका न देता, आणि बूच पाण्यात पडायच्या जरा आधी स्पूलच्या कडेवर बोट टेकवून दोरी हलकेच आवरा, म्हणजे गळ बुचाच्या पुढे जाऊन पडतो आणि गुंता होत नाही. मग रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि दोन-तीन फेरे भरभर गुंडाळा, दोरी पाण्याखाली जाते आणि वारा तिला धरत नाही. दोरी बुडतच नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब फडक्यावर घेऊन शेवटच्या काही मीटरला पुसा.

तपासा: बूच जागेवर उभं राहतंय का, फक्त टोक वर आहे का, आणि रॉड उभा केल्यावर मासा नेटपर्यंत येईल एवढीच दोरी बुचाखाली आहे ना, जास्त नाही ना. शेवटचं नाही जमलं तर सरकतं बूच लावा, आत्ताच, मासा लागल्यावर नाही.

कॉम्बो आधीच घेतलाय त्यांच्यासाठी

फेकून देऊ नका. त्यातली दोरी आधी काढून टाका, ती बहुतेक जाड आणि जुनाट असते, त्याजागी ०.२५ भरा. सोबतचे गळ पण नखावर घासून बघा, टोक नखात रुतलं तर धार आहे, नुसतं घसरलं तर बदला. मग तीन फुटापेक्षा कमी पाण्यात, काठाच्या गवताजवळ हलकं वॅगलर लावून बसा, किंवा खोल पाण्यात सरकतं बूच लावा, पण लावायच्या आधी दोऱ्याची गाठ टोकाच्या रिंगेतून जाते का ते बघा, स्वस्त रॉडची ती रिंग फार बारीक असते. ड्रॅग झटके देत असेल तर नवीन रॉड घ्यायच्या आधी रील बदला, आणि १२ फुटी रॉड आला की तेच रील त्यावर चढवा.